बुधवारचा जोडीदार

भाऊसाहेब, तुमच्या दहाव्याला मंडप माझा होता, माइक माझा होता, स्पीकरही माझेच होते, आणि मी एक शब्द बोललो नाही.

सरपंच बोलले. तुमच्या पाटबंधारे खात्यातले जुने सहकारी बोलले. तुम्हाला कधीतरी एखाद्या लग्नात भेटलेले एक पुढारी तर इतका वेळ बोलले की उन्हाची तिरीप मंडपाच्या एका खांबावरून दुसऱ्यावर गेली, आणि त्यांनी शेवटपर्यंत तुमचं नाव प्रभाकरऐवजी दिवाकर असंच घेतलं. मग निवेदकानं माझ्याकडे पाहिलं. "आता भाऊंचे साडू, जळगावचे दिलीपराव, आपल्या भावना व्यक्त करतील." सगळा मंडप सावरून बसला. लोकांना ठाऊक आहे, नवरदेवाची गाडी पारोळ्याला पंक्चर झाली तर इकडे वऱ्हाडाला मुहूर्त टळेपर्यंत हसवत बसवणारा माणूस मी. मी उठलो, माइकपर्यंत गेलो, सवयीनं त्याची मान सरळ केली, हात जोडले आणि जागेवर येऊन बसलो. बायकांत रडणं सुरू झालं. मागून कोणीतरी म्हणालं, "पाह्य, माणूस पार खची गया." माझ्या सुनंदानं पदर डोळ्यांना लावला. लग्न झाल्यापासून नवऱ्याला शब्द सुचले नाहीत असं तिनं पहिल्यांदाच पाहिलं होतं.

शब्द भरपूर सुचत होते. ते मंडपात बोलण्यासारखे नव्हते, एवढंच. मी तुमच्यावर चिडलो होतो. अजून चिडलेलो आहे. मेलेल्या माणसावर चिडू नये म्हणतात, पण मग कोणावर चिडायचं? जिवंत माणसांनी माझं काही वाकडं केलेलं नाही.

साडू हे नातं मोठं विचित्र. दोन बहिणींशी लग्न केलं म्हणून दोन अनोळखी पुरुष आयुष्यभर एकमेकांच्या शेजारी पाटावर बसतात. सासरी दोघांची सारखी सरबराई, दोघांना सारखा टॉवेल-टोपीचा आहेर, आणि दोघांच्या मनात एकच शंका, की दुसऱ्याच्या वाटीत आमरस जरा जास्त आहे. तुम्ही थोरले जावई, मी धाकटा. तुम्ही धुळ्याचे इंजिनिअर, मी जळगावचा मांडववाला. तुम्ही जेवताना बोलत नसायचात, मी बोलताना जेवत नसे. आपलं जमायचं काही कारणच नव्हतं. जमलं ते त्या काठ्यांमुळे.

नोकरीत कुठल्याशा छावणीच्या गावी तुमची बदली झाली होती. तिथल्या एका साहेबानं तुमच्या हाती गोल्फची काठी दिली, आणि तुम्ही ती घेऊनच खानदेशात परत आलात. निवृत्तीनंतर मळ्यात घर बांधलंत आणि घरामागची ती साक्रीकडची बरड जमीन, जिथे कुसळाशिवाय काही उगवत नाही, तिच्यात भोकं पाडायला सुरुवात केलीत. गावाला वाटलं, भाऊ बोअरचं पाणी शोधताहेत. मग पहिल्या रविवारी आपण दोघं खेळायला उतरलो, तेव्हा तुमचा सालदार भिकन बांधावर बसून सगळं पाहत होता. दुपारी त्यानं अगदी काळजीनं विचारलं होतं, "भाऊ, चेंडू सापडना का तुम्हीन लगेच परत मारी फेकतस. मंग इतलं धुंडतस कसाले?"

तुम्ही हसून पुढचा चेंडू मारलात आणि आपण दोघं तो धुंडायला निघालो.

आणि ते सरकीचं तेल! भाऊसाहेब, त्यावर तरी आपण आज हसलो असतो. मोठ्या क्लबात भोकाभोवती गालिच्यासारखी हिरवळ असते. आपल्याकडे पिण्याच्या पाण्याची बोंब, हिरवळीला कोण पाजणार? तुम्ही म्हणालात, कोरड्या मुलखात लोक बारीक वाळूचं वर्तुळ करतात आणि त्या वाळूला तेल देतात, म्हणजे ती उडत नाही आणि चेंडू सरळ घरंगळतो. आता तेल म्हटल्यावर खानदेशी माणसाला कोणतं तेल आठवणार? मी उत्साहानं शिरपूर गाठलं. तिथे रमणीकशेठ, कापसाचे जिनिंगवाले, तेलाची घाणीही त्यांचीच. त्यांच्या मुलीच्या लग्नाचा मांडव माझा होता, त्यामुळे ओळख. सरकीच्या तेलाचं अख्खं पिंप टेम्पोत घालून आणलं. आपण दोघांनी देवाला अभिषेक करावा तशी ती वाळू न्हाऊ घातली. दुसऱ्या दिवशी मुंग्या. तिसऱ्या दिवशी डोंगराकडून रानडुकरं आली आणि त्यांनी सातही वर्तुळं नांगरल्यासारखी उलथून ठेवली. सुनंदाच्या थोरल्या बहीण, आमच्या अक्का, दारात उभ्या राहून पोट धरून हसत होत्या. "तुम्हीन डुकरेसले फराळ घाला!"

पुढच्या वर्षी आपण शहाणे झालो आणि ट्रॅक्टरचं जळकं तेल वापरलं.

तर रमणीकशेठ आपल्या गोष्टीत आले ते असे. मीच आणले. हे लक्षात ठेवा, म्हणजे पुढचं दुखणं कळेल. तेलाचं काय झालं ते बघायला एकदा ते मळ्यात आले, तेव्हा तुम्ही सहज त्यांच्या हाती काठी दिलीत. त्यांनी चेंडूकडे पाहिलं, दूरच्या झेंड्याकडे पाहिलं, काठी फिरवली. चेंडू बऱ्यापैकी गेला. ते काही बोलले नाहीत. चहा प्यायले आणि गेले. मी पुढचा आठवडाभर त्यांची नक्कल करत होतो आणि तुम्ही हसत होतात. तुम्ही खरंच हसत होतात, की आतल्या आत काही ठरवत होतात, हे आता मला विचारता येणार नाही.

आपला हंगाम पाऊस संपल्यावर सुरू व्हायचा. पण तयारी त्याच्या किती आधीपासून! पोळ्याला लोक बैल धुतात, मी काठ्या धुवायचो. आपल्याकडच्या उन्हाळ्यानं मुठींचं रबर काचेसारखं गुळगुळीत होतं. तुम्ही मळ्यातून फोनवर सूचना द्यायचात. "कोमट पाणी घ्या, दिलीपराव. भांड्यांचा साबण. मग बारीक पॉलिशपेपर हलक्या हातानं. वाळवायचं सावलीत." लोखंडी तोंडावरच्या खाचांतला मुरूम मी जुन्या टूथब्रशनं काढायचो. मग हॉलमध्ये स्टीलचा पेला आडवा ठेवून त्यात हलक्या हातानं चेंडू घालायचा सराव. लांबच्या काठीला इतक्यात हात लावायचा नाही, अशी तुमची सक्त ताकीद. आधी जवळचं, मग लांबचं. आधी कमरेइतकी काठी उचलायची, पाठ मोकळी झाली की खांद्याइतकी. गच्चीवर मी मांडवाची कनात टांगायचो आणि तिच्यात चेंडू मारायचो. सकाळी काठी खांद्यांमागे आडवी धरून कंबर वळवायचो, तर सुनंदा म्हणायची, "कावड घेऊन निघालात का?"

मी हे सगळं का करायचो? जिंकायला? भाऊसाहेब, तुम्हाला हरवणं मला कधी जमलं नाही आणि मला त्याचं विशेष दुःखही नव्हतं. रविवारी पहाटेची एसटी पकडून मी यायचो, अक्कांच्या हातची कळण्याची भाकरी आणि ठेचा खायचो, आणि मग आपण त्या बरडावर उतरायचो. तुम्ही काठी उचलली की मी किस्सा सुरू करायचो. तुमचा फटका चुकायचा, तुम्ही हसायचात, पुढे निघायचात. मेंढीच्या लेंड्यांत चेंडू अडकला तर उचलून बाजूला ठेवायचा की नाही, यावर आपला वाद कधी मिटला नाही. तुम्ही म्हणायचात, जसा आहे तसा मारा. मी म्हणायचो, हा देवाचा कोप आहे, याला सवलत हवी. तो वाद मी मुद्दाम चालू ठेवला होता. वाद संपला की माणसं गप्प होतात.

आता मुद्द्यावर येतो.

यंदा उन्हाळ्यात, तुमच्याच ओट्यावर, मी तुम्हाला मोबाइलवर एक जाहिरात दाखवली. लांबच्या एका मोठ्या शहरातल्या क्लबात मार्गशीर्षात जोड्यांची स्पर्धा. खरी हिरवळ, दोघांचा मिळून खेळ, बाहेरच्यांनाही प्रवेश. मी आनंदानं नाचत होतो. "भाऊसाहेब, साडू-साडूंची जोडी! तिथल्या निवेदकाला मी आधीच मजकूर लिहून देतो!" तुम्ही चष्मा वर सरकवून ती जाहिरात खूप वेळ वाचलीत. मग मोबाइल परत दिलात आणि म्हणालात, "आपण कशाला, दिलीपराव? तिथे सगळे मुरलेले लोक. उगाच हसं होईल. आपलं रान बरं."

तुमचा चेहरा उतरलेला दिसला. मला वाटलं, या माणसाला आपल्या खेळाची लाज वाटते, आपण कशाला टोचायचं? मी तो विषय पुन्हा काढला नाही. दोन सारख्या टोप्या घ्यायच्या मनात होत्या, त्याही घेतल्या नाहीत. आणि तरी पोळ्याला मी काठ्या धुतल्या. गच्चीवर कनात लावली. तुम्ही फोनवर माझी मूठ सुधारलीत. "डाव्या हाताचा अंगठा थोडा उजवीकडे घ्या." मी घेतला. चेंडू सरळ जायला लागला. मी तुम्हाला आनंदानं सांगितलं, आणि तुम्ही म्हणालात, "वा! यंदाचा हंगाम तुमचा."

गणपती गेले आणि पाठोपाठ तुम्ही गेलात.

मी मळ्यातच मुक्कामाला होतो. भेटायला माणसं येत होती. चौथ्या दिवशी शिरपूरहून रमणीकशेठ आले. ओट्यावर बसले, अक्कांना नमस्कार केला, पाणी घेतलं. बाकीचे लोक उसाचे भाव आणि हृदयविकाराच्या गोष्टी करत होते. हे उठले आणि घरामागे निघाले. म्हातारा माणूस, एकटाच चाललाय, म्हणून मी मागोमाग गेलो. खांद्यावर हात कसा ठेवायचा, काय बोलायचं, याची मनात तयारीही केली होती.

ते सरळ पहिल्या वर्तुळावर गेले. पाऊस नुकता थांबलेला, वाळू दबलेली. टोपी काढून थोडा वेळ उभे राहिले. मग बाभळीच्या फांदीवर टांगलेलं, वाळू सारखी करायचं दोरी बांधलेलं पोतं त्यांनी काढलं, भोकापाशी ठेवलं आणि ओढायला सुरुवात केली. मधून सुरू करून गोल गोल बाहेर. दोरी कमरेला टेकवून. शेवटचं पाऊल उलटं टाकत काठाबाहेर. वाळूवर आपला ठसा राहू द्यायचा नाही, मागून येणाऱ्याला कोरी वाळू मिळाली पाहिजे.

भाऊसाहेब, ही पद्धत तुमची स्वतःची. पहिल्या हिवाळ्यात तुम्ही मला ती शिकवलीत. मला जमायला दोन महिने लागले. तुम्ही म्हणायचात, "दिलीपराव, हे पोतं दुनियेत दोनच माणसांना ओढता येतं."

मी काठावर उभा राहून विचारलं, "शेठ, हे कुठे शिकलात?"

"प्रभाकरभाईंनी शिकवलं."

"कधी?"

"बुधवारी."

"कोणत्या बुधवारी?"

त्यांनी विचार केला. हा माणूस खोटं बोलत नाही, कारण खोट्याला शब्द जास्त लागतात.

"दर," ते म्हणाले.

मला काय झालं ते सांगतो. आमच्या धंद्यात मी हे एकदा पाहिलंय. एका गृहस्थाच्या तेराव्याला दुसऱ्या गावाहून एक बाई आली आणि थेट स्वयंपाकघरात जाऊन तिनं चहाचा डबा बरोबर फळीवरून काढला. पहिल्या बायकोनं फक्त त्या डब्याकडे पाहिलं. भाऊसाहेब, माझी नजर त्या पोत्यावर तशीच खिळली होती. रविवार माझा आणि बुधवार त्याचा! दोन घरं सांभाळत होतात तुम्ही, आणि मी दर आठवड्याला एसटीनं नांदायला येत होतो!

"मार्गशीर्षात जायचं होतं आम्हाला," शेठ पुढे म्हणाले. न विचारता बोललेलं त्यांचं ते एकच वाक्य असावं. "त्या स्पर्धेला. जोडीनं."

मी वाळूवर बसलो. तिथेच, नुकत्याच ओढलेल्या वाळूवर. शेठ पोतं हातात धरून थांबले. मी बराच वेळ उठलो नाही. मग उठलो, तेव्हा त्यांनी मी बसलो होतो तेवढी जागा पुन्हा ओढून सारखी केली.

त्या दुपारी मी अक्कांना गाठलं. त्या चुलीपुढे बसल्या होत्या. मी म्हणालो, "अक्का, तुम्हाला माहीत होतं?"

त्यांनी वर पाहिलंच नाही. "चहा पी ल्या पहिले. राग मंग करज्यात."

"म्हणजे माहीत होतं."

"माले म्हाईत व्हतं. मी सांगं त्यासले, दिलीपरावले सांगी टाका. ते म्हनेत, उद्या सांगसू."

"आणि उद्या?"

"उद्याबी तेच म्हनेत."

मी विचारलं, मी काय वाईट केलं होतं? अक्कांनी चुलीतलं लाकूड मागे ओढलं. मग त्यांनी जे सांगितलं ते मी रोज मनात उलटंसुलटं करून पाहतो. म्हणाल्या, "रविवारले ते हासीसन घर येत. बुधवारले दमीसन येत. त्यासले एकदाव जिंकानं व्हतं, दिलीपराव. तुम्हीन संगे ऱ्हायना म्हंजे हासू ये, खेळ नही."

समजूत घातली त्यांनी माझी. हसण्यासाठी मी, दमण्यासाठी शेठ. चांगली वाटणी आहे. पण मला ही समजूत पटत नाही, भाऊसाहेब, आणि का पटत नाही ते ऐकून घ्या. तुम्हाला जिंकायचं होतं, हे मला कळायला नको होतं का? इतकी वर्षं शेजारी चालत होतो. तुम्ही काठी उचलायचात आणि मी तोंड उघडायचो, तेव्हा दर वेळी तुम्ही हसायचात. मी ते हसणं टाळ्यांसारखं घेत गेलो. समोरचा हसतोय तोवर थांबायचं नाही, एवढंच मला माझ्या धंद्यानं शिकवलंय. एकदा, फक्त एकदा म्हणायचं होतंत, "दिलीपराव, आज गप्प." मी रुसलो असतो. दोन-तीन भोकांपर्यंत तोंड फुगवून चाललो असतो. तिसऱ्यापुढे रुसवा मलाच पेलला नसता. पण तुम्ही थोरले जावई. साडूला टाकून बोलायचं नाही, त्याचा मान राखायचा, त्याच्या ताटात आधी वाढायचं. इतका मान राखलात माझा, की मला घरचा समजायचंच राहून गेलं. भिकनला तुम्ही आईवरून शिव्या द्यायचात. मला त्याचा हेवा वाटतो, हे लिहितानासुद्धा.

आणि ती जाहिरात मी दाखवली होती. मी! "आपलं रान बरं" म्हणालात, आणि त्याच आठवड्यात शेठबरोबर नाव नोंदवलंत, हेही अक्कांनीच सांगितलं. मग माझी मूठ कशाला सुधारलीत? यंदाचा हंगाम तुमचा, असं कशाला म्हणालात? मी कोणत्या हंगामाची तयारी करत होतो, भाऊसाहेब?

हे सगळं पोटात घेऊन मी दहाव्याला माइकसमोर उभा राहिलो होतो. आता सांगा, काय बोललो असतो?

दहावा झाल्यावर मी जळगावला परतलो. काठ्या माळ्यावर टाकल्या. कनात गुंडाळली. एका संध्याकाळी शेठचा फोन आला. "दिलीपभाई, जागा रिकामी आहे. येताय?"

तुम्हाला सांगतो, मी त्या माणसाला सोडलं नाही. मंडपात न बोललेलं सगळं तिथे बोललो. विश्वास म्हणजे काय, साडू म्हणजे काय, तेलाचं पिंप कोणी आणलं होतं, सगळं. आवाज चढवला, उतरवला. सुनंदा स्वयंपाकघरातून बघत होती. पलीकडून हूं की चूं नाही. मला वाटलं, फोन तुटला. शेवटी मी थांबलो, तेव्हा शेठ म्हणाले, "ठीक. मग येताय?"

मी नाही म्हणालो आणि फोन ठेवला.

दसऱ्यानंतर भिकनचा फोन आला. मेंढ्या आल्या होत्या. तुम्ही दरवर्षी त्या मेंढपाळाला सांगून ठेवायचात, पाऊस संपला की माझ्या बरडावर मेंढ्या बसव. मेंढ्या गवत कातरून जातात आणि आपला खेळ सुरू होतो. मोठ्या क्लबात यंत्रं असतात, आपल्याकडे मेंढ्या. तो बिचारा ठरल्याप्रमाणे आला, आणि दारात तुमचा हार घातलेला फोटो बघून कळप तसाच रस्त्यावर धरून उभा राहिला. भिकन म्हणत होता, "अक्का काहीच सांगतीस नही. बठ्ठा मेंढ्या रस्तावर शेत. आते कोनले विचारू?"

मी म्हणालो, बसव. मीच म्हणालो. का म्हणालो ते माहीत नाही. गवत माजलेलं तुम्हाला आवडत नसे.

मेंढ्या गेल्याचं कळल्यावर मी काठ्या माळ्यावरून काढल्या आणि बुधवारी निघालो. मुद्दाम बुधवारी. तुमचा बुधवार कसा असतो, ते बघायचं होतं मला.

शेठ आधीच येऊन थांबले होते. सकाळचं ऊन कोवळं होतं, बरड नुकतीच न्हाव्याकडून आल्यासारखी दिसत होती. मी पिशवी खाली ठेवली आणि बोलायला तोंड उघडलं, तर शेठ म्हणाले, "दिलीपभाई, माझा फटका असला की बोलायचं नाही. तुमचा असला की बिलकूल नाही."

झालं. एवढंच. त्यांना ते म्हणायला काहीच जड गेलं नाही. आवाजसुद्धा चढवला नाही. आणि गंमत बघा, मला राग आला नाही. मी "बरं" म्हणालो.

पहिल्या भोकाला माझ्या जिभेवर आपल्या सासऱ्यांच्या सायकलीचा किस्सा आला होता, तो गिळला. दुसऱ्याला भिकनचा. तिसऱ्या भोकाला मला काठीचा आवाज ऐकू आला. चेंडूवर ती बरोबर बसली की एक बारीक, कोरडा आवाज होतो, टिपरीवर टिपरी पडल्यासारखा. इतकी वर्षं खेळलो, तो कधी ऐकला नव्हता. अंगठा थोडा उजवीकडे घेतलेला होता. चेंडू उंच गेला, वाऱ्यावर क्षणभर थांबला आणि झेंड्याजवळ पडला. चौथ्याला पुन्हा. पाचव्याला चेंडू लेंड्यांत अडकला. मी सवलत मागितली नाही. जसा होता तसा मारला.

शेवटच्या वर्तुळावर मी पोतं ओढून वाट सारखी केली आणि लांबून, फार लांबून, चेंडू भोकात घातला. शेठ "छान" म्हणाले. अक्का मागच्या दारात उभ्या होत्या. त्यांनी सगळा खेळ पाहिला असावा. माझ्याकडे बघून त्यांनी मान हलवली आणि डोळे पुसत आत गेल्या.

मी कधी नव्हे इतका चांगला खेळलो, भाऊसाहेब. एवढा चांगला, की बांधावर बसून मला हुंदका आवरेना. म्हणजे तुमचा अंदाज बरोबर होता. गप्प राहिलं की खेळ होतो. आणि मी गप्प राहू शकतो. हे दोन्ही तुम्हाला कळायला माझ्याशी एक वाक्य बोलावं लागलं असतं. ते तुम्ही बोलला नाहीत, आणि त्याबद्दल मी तुम्हाला माफ केलेलं नाही. रविवारी पहाटे मला आपोआप जाग येते, तेव्हा तर मुळीच नाही. तुमच्या हसण्याबद्दल मात्र उपकार मानतो, खोटं असलं तरी. ते खोटं नव्हतं, असं अक्का म्हणतात.

परतताना शेठनी गाडीत पुन्हा विचारलं नाही. मीच म्हणालो, नाव लावा. त्यांनी मान हलवली आणि फोन काढला.

तर मार्गशीर्षात आम्ही जातोय. जोडी ठरली आहे. माझ्या जागेवर रमणीकशेठ आणि तुमच्या जागेवर मी.